वारशाचा ठावठिकाणा

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर काही माणसांच्या रक्ताचे असे नमुने आले, की ते कोणाच्याच रक्ताशी जुळेनात. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ गटाचे दिसे. ओ गटाच्या माणसाला ओ गटाचे रक्त चालते, हा रक्तपेढीतला पहिला धडा. पण या माणसांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या तांबड्या पेशी मिसळल्या, तरी त्यांच्या गुठळ्या होत. नमुने इंग्लंडपर्यंत गेले, तिथल्या रक्तगटतज्ज्ञांनी तपासले, आणि त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’मध्ये या नव्या गटाची नोंद झाली. जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत तो आजही ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणूनच शिकवला जातो. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे बदलले नाही.

पेशी, गुणसूत्र, जनुक आणि डीएनए या चार गोष्टींची ओळख करून देताना मी मुद्दाम इथून सुरुवात करतो आहे, कारण त्या चारही या एका उदाहरणात एकत्र काम करताना दिसतात.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या लहान साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली गेली, की ‘एच’ नावाचा पदार्थ तयार होतो. ए गटाच्या माणसात या एचवर आणखी एक साखर चढते, बी गटाच्या माणसात वेगळी चढते, आणि ओ गटात एच तसाच राहतो. फ्युकोज जोडण्याचे काम एक विकर करते. ते विकर कसे घडवायचे, याची माहिती एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. ए की बी हे ठरवणारे जनुक मात्र नवव्या गुणसूत्रावर असते. एखाद्याला आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून, एकोणिसाव्या गुणसूत्रावरची निकामी प्रत मिळाली तर त्याच्या तांबड्या पेशींवर एच तयारच होत नाही. मग नवव्या गुणसूत्रावर बी गटाचे जनुक धडधाकट असले तरी त्याच्या विकराला साखर चढवायला जागाच मिळत नाही. चाचणीत हा माणूस ओ दिसतो. त्याच्या शरीराने एच हा पदार्थ कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे ते एचला परका समजते, आणि ओ गटाचे रक्तही त्याला जिवावर बेतू शकते. भारतात साधारण दहा हजारांत एका माणसाचा हा गट असतो, असे सांगितले जाते.

आता अशा घराचा विचार करा. आई बॉम्बे गटाची, म्हणजे साध्या चाचणीत ओ. वडील खरोखरच ओ गटाचे. आणि मूल जन्मले बी गटाचे. शाळेत शिकवलेल्या नियमाप्रमाणे हे अशक्य आहे, आणि आपल्या समाजात अशा ‘अशक्य’ गोष्टीचा दोष कोणाच्या पदरात टाकला जातो, ते सांगायला नको. प्रत्यक्षात आईने आपल्या नवव्या गुणसूत्रावरचे बीचे जनुक मुलाला दिलेले असते. तिच्यात ते दबलेले होते. वडिलांकडून एकोणिसाव्या गुणसूत्रावरची चांगली प्रत मिळाल्याबरोबर ते मुलात उघड झाले. दिसणारे लक्षण एक आणि पुढे जाणारा वारसा दुसरा, हा फरक ज्याला कळला त्याला आनुवंशिकतेचा गाभा कळला. आणि ज्याला तो कळला तो आईकडे संशयाने पाहणार नाही.

या विषयाकडे मी याच नजरेने पाहतो. घराण्याची, कुळाची आणि ‘रक्ता’ची भाषा आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. त्या भाषेने अभिमान दिला त्याहून जास्त बोल लावले: सुनेला मुलीच होतात म्हणून, एखाद्या जमातीत आजार आहे म्हणून, मूल वेगळे जन्मले म्हणून. वारसा नेमका कुठे राहतो आणि कसा पुढे जातो हे ठाऊक झाले, की यातले बहुतेक आरोप उभे राहू शकत नाहीत. म्हणून ही मूलभूत माहिती परीक्षेपुरती राहू नये असे मला कळकळीने वाटते.

तर वारसा राहतो पेशीच्या केंद्रकात. रक्ताशी त्याचे नाते आपण समजतो त्याच्या उलट आहे: परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, म्हणजे रक्ताला लाल करणाऱ्या पेशींत हा वारसा अजिबात नसतो. अस्थिमज्जेत घडत असताना त्या आपले केंद्रक टाकून देतात. रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए तपासतात तेव्हा तो पांढऱ्या पेशींमधून काढलेला असतो. केंद्रकाबाहेर, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांतही थोडा डीएनए असतो, बेस नावाच्या घटकांच्या अवघ्या १६,५६९ जोड्यांचा आणि ३७ जनुकांचा. तो फक्त आईकडून येतो. मुलगा असो वा मुलगी, हा ठेवा आईचाच, तिच्या आईचा, तिच्याही आईचा. पुढे तो चालवतात मात्र फक्त मुली.

केंद्रकातला डीएनए गुणसूत्रांच्या रूपात असतो. गुणसूत्रे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहण्याची संधी आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कांद्यामुळे मिळते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कांदा पाण्यावर ठेवून त्याला मुळे फुटू देतात. मुळांची टोके सकाळच्या वेळी कापून अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ऊब देऊन मऊ करतात, अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये रंगवतात आणि काचपट्टीवर ठेवून, वर कव्हरस्लिप टाकून अंगठ्याने दाबतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की विभाजन होत असलेल्या पेशींत लालसर दोऱ्यांचे पुंजके दिसतात. कुठे ते मध्यभागी ओळीत आलेले, कुठे दोन टोकांकडे निघालेले. मुळाचे टोकच घ्यायचे, कारण वाढ तिथे होते आणि पेशी तिथे दुभंगत असतात. एरवी, पेशी आपल्या रोजच्या कामात असताना, गुणसूत्रे सैल पसरलेली असतात आणि वेगवेगळी ओळखू येत नाहीत.

कांद्याची गुणसूत्रे सोळा, मोठी आणि ठसठशीत. माणसाची मोजणे फार अवघड होते. १९२३ साली थिओफिलस पेंटर या अमेरिकन संशोधकाने ती ४८ असल्याचे सांगितले, आणि तीस वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तके ४८च छापत राहिली. जावा बेटावर जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात जपानी छावणीत कैद भोगलेला जो हिन त्जिओ पुढे स्वीडनमध्ये लुंड इथे आल्बर्ट लेवान यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. पेशी क्षार कमी असलेल्या द्रवात ठेवल्या की फुगतात आणि गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होतात, ही युक्ती तोवर हाती आली होती. डिसेंबर १९५५ मध्ये त्जिओने ती मोजली, तर ४६ भरली. पुन्हा पुन्हा ४६च. १९५६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. म्हणजे डीएनएच्या रेणूची रचना जगाला १९५३ मध्ये कळली, आणि आपल्या पेशीत गुणसूत्रे किती हे त्यानंतर तीन वर्षांनी. या मोजणीनंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रे असतात; एकविसावे दोनऐवजी तीन. तोवर अशा मुलांच्या आयांना काय काय ऐकावे लागले असेल! ग्रहणात चिरले, कापले, शिवले अशी कारणे आपल्याकडे आजही सांगितली जातात. खरे कारण एवढेच, की बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची एक जोडी वेगळी झाली नाही. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते, पण ती कोणाच्या वागण्याची शिक्षा नसते.

गुणसूत्रांची संख्या सजीवाच्या ‘प्रगती’वर अवलंबून नसते, हेही इथेच सांगायला हवे. ज्वारीची २०, भाताची २४, गव्हाची ४२, आपली ४६, कुत्र्याची ७८. डीएनएच्या लांबीचेही तसेच. कांद्याच्या एका संचात माणसाच्या सुमारे पाचपट डीएनए असतो. माणूस सर्वांच्या वरच्या पायरीवर उभा आहे, ही कल्पना पेशीच्या आत गेल्यावर फार काळ टिकत नाही.

डीएनएच्या शोधाची कथा आता बऱ्याच जणांना माहीत आहे, ती मी थोडक्यात उरकतो. १८६९ मध्ये ट्युबिंगेन इथे फ्रीडरिश मीशर या तरुण डॉक्टरने रुग्णालयातून आणलेल्या, पुवाने भरलेल्या पट्ट्यांतून पांढऱ्या पेशी धुऊन काढल्या आणि त्यांच्या केंद्रकातून फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा केला. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध त्याआधी तीनच वर्षे प्रसिद्ध झाला होता. एकाच्या हाती वारशाचा पदार्थ होता, दुसऱ्याच्या हाती वारशाचा नियम. दोघांनाही एकमेकांचे महत्त्व कळले नाही. हा पदार्थच वारशाचा वाहक आहे हे ठामपणे दाखवायला १९४४ साल उजाडले. न्यूयॉर्कमध्ये ओस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंवर हे काम केले. रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचा विद्यार्थी रेमंड गोसलिंग यांनी १९५२ मध्ये घेतलेले क्ष-किरण छायाचित्र वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३च्या प्रतिकृतीला मोठा आधार ठरले. नोबेल १९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. फ्रँकलिन १९५८ मध्येच, वयाच्या ३७ व्या वर्षी, गेल्या होत्या. त्यांचे नाव या यादीत पहिल्या ओळीत यायला हवे, असे माझे मत आहे.

डीएनएचा रेणू दोरीच्या दोन पदरांसारखा एकमेकांभोवती पीळ घेतलेला असतो. प्रत्येक पदरावर चार प्रकारचे बेस ओळीने लागलेले: अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. एका पदरावर अ‍ॅडेनिन असेल तिथे समोर थायमिनच, आणि ग्वानिनसमोर सायटोसिनच. या एका नियमात वारशाचे सारे सामर्थ्य आहे. दोन पदर सुटे झाले, की प्रत्येक पदरावरून दुसरा नव्याने बांधता येतो, आणि एकाच्या दोन प्रती होतात. पेशीच्या प्रत्येक विभाजनाआधी हे घडते. आईकडून आलेल्या एका संचात अशा सुमारे तीनशे कोटी जोड्या, वडिलांकडून आलेल्या संचात तेवढ्याच. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरेल, आणि तो मावतो एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात. हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती तो गुंडाळलेला असतो. अशा एका गठ्ठ्यात साधारण १४७ जोड्या, असे कोट्यवधी गठ्ठे.

जनुक म्हणजे या लांबलचक रेणूवरचा एक तुकडा, ज्यात बहुधा एखादे प्रथिन घडवण्याची माहिती असते. तीन बेस मिळून एक अमिनो आम्ल ठरते. चार बेसांचे तिहेरी गट होतात ६४, आणि प्रथिनांतली अमिनो आम्ले आहेत २०. कोणता गट कोणत्या आम्लासाठी, याचा उलगडा करणाऱ्यांत हर गोविंद खुराना होते. १९६८ चे नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह मिळाले. प्रथिने घडवणारी जनुके माणसात सुमारे वीस हजार. एकूण डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी भाग थेट प्रथिनांसाठी वापरला जातो. उरलेल्यात जनुके केव्हा, कुठे आणि किती चालायची हे ठरवणारे भाग आहेत, जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत, आणि ज्यांचे काम अजून उलगडायचे आहे असे पुष्कळ काही आहे. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो. कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, यावर एक पेशी यकृताची होते आणि दुसरी मेंदूची.

आता मुलगा-मुलगीचा प्रश्न. १९०५ मध्ये अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने धान्यातल्या एका किड्याच्या पेशी तपासताना पाहिले, की मादीत वीस मोठी गुणसूत्रे आहेत, तर नरात एकोणीस मोठी आणि एक लहान. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत हे लहान गुणसूत्र जाते, आणि त्यावरून पिल्लू नर होते. माणसातही हेच: आईकडे दोन एक्स, वडिलांकडे एक एक्स आणि एक वाय. आईची अंडपेशी एक्सच देऊ शकते. वडिलांच्या शुक्रपेशीने एक्स आणला तर मुलगी, वाय आणला तर मुलगा. वाय गुणसूत्रावरचे जे जनुक हा बदल सुरू करते ते १९९० मध्ये सापडले. पण मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रपेशीवरून ठरते, ही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट. तरीही मुली होतात म्हणून बाईला घराबाहेर काढण्याचे, दुसरे लग्न करण्याचे प्रकार महाराष्ट्रात थांबले नाहीत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कायदा लागतो, यात वाद नाही. पण प्रत्येक सासरघरात एक्स आणि वाय हे दोन शब्द पोचले असते तर कित्येक बायकांचे आयुष्य वेगळे गेले असते. अर्थात वडिलांनाही यात दोष देता येत नाही. कोणती शुक्रपेशी आधी पोचेल हे त्यांच्या हातात नसते, आणि मुलगी होणे हा दोष नाहीच.

आनुवंशिकतेच्या नावाने केलेले अन्यायही विसरता कामा नयेत. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. कवट्यांच्या असममितीचा वंशाशी संबंध आहे, असे फिशर मानत. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध मांडला. पुढे काही वर्षांतच जर्मनीत वारशाच्या नावाखाली सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला. पुण्याच्या या बाईंनी त्या वातावरणात दाखवलेला ताठ कणा विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असावा. आज आपण जाणतो, की कोणत्याही दोन माणसांचा डीएनए हजारात साधारण एका जागी वेगळा असतो, आणि त्या फरकांतले बहुतेक एकाच समूहातल्या माणसांमध्येही आढळतात.

जनुक हे विधिलिखितही नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या किडकिडीत बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त. पुढे मधुमेहाकडे झुकण्याची सुरुवात इतक्या लवकर होते, आणि त्यात आईच्या पोषणाचा, विशेषतः बी-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांचा, वाटा असतो असे या कामातून पुढे आले. ‘आमच्या घरात मधुमेह आहेच’ असे म्हणताना आपण जनुकांवर सगळे ढकलतो. शेतात राबणाऱ्या गरोदर बाईच्या ताटात काय आहे, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे.

शेवटी सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुड्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनची एक साखळी घडवणारे जनुक आहे. त्यात १४६ अमिनो आम्लांची माहिती असते. त्यातल्या सहाव्या जागी जीएजी या तिहेरी गटाऐवजी जीटीजी आला, म्हणजे एकच बेस बदलला, की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांडे बनवते, तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि हाडे-सांधे ठणकू लागतात. दुखणे इतके असते, की लहान मुले रात्र रात्र रडतात. ही पेशी लवकर फुटते, म्हणून रक्त कमी. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी याला रेणूचा आजार म्हटले, आणि काही वर्षांत केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी बदललेले ते एक अमिनो आम्ल शोधून काढले.

एकच बदललेली प्रत असेल तर तो माणूस वाहक, आपल्याकडच्या बोलीत एएस पॅटर्न. त्याला सहसा काही त्रास होत नाही. उलट मलेरियाच्या गंभीर रूपापासून त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यांत, मलेरियाच्या सावटाखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत हे जनुक टिकले ते या कारणाने. तो कोणत्याही जमातीचा कलंक नाही, त्यांच्या पूर्वजांना जगवणाऱ्या एका बदलाची ती किंमत आहे. अडचण येते ती दोन वाहकांचे लग्न होते तेव्हा. प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे आजारी, असण्याची शक्यता चारात एक. वाहक असण्याची चारात दोन. पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. हा हिशेब दर वेळी नव्याने लागू होतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. आशा कार्यकर्ती हे गावात समजावून सांगते तेव्हा ती मेंडेलचाच नियम शिकवत असते.

२०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवर जनुकसंपादनाचा पहिला उपचार मंजूर झाला. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून त्यांच्यातला एक नियंत्रक भाग क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने कापतात. मग गर्भात असताना तयार होणारे हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते आणि पेशी वाकत नाहीत. विज्ञान म्हणून हे थक्क करणारे आहे. पण खर्च कोट्यवधींचा, आणि प्रत्यारोपणाची सोय असलेले मोठे रुग्णालय हवे. भारतात १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्याचा भर तपासणीवर आहे. गडचिरोलीच्या किंवा धडगावच्या मुलाला आज उपयोगी पडते ते हेच: बोटातल्या थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, आजार ठरला तर फोलिक आम्लाच्या आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, भरपूर पाणी, तापाला लगेच औषध. आणि लग्न ठरण्याआधी दोघांचीही तपासणी. एकट्या मुलीची तपासणी करून स्थळ मोडायचे, हे मला गावागावांत ऐकायला मिळते. वाहक मुलगी आणि वाहक नसलेला मुलगा यांच्या घरात एसएस पॅटर्नचे मूल जन्मत नाही. मुलाची तपासणी झाल्याशिवाय कुणालाच काही सांगता येत नाही.